छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश कुठवर पोहोचतो आणि कधी पडत नाही

अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षिकांनी प्रश्न विचारला आहे. शाळेकडे दोन पेन्सिल सेलवर चालणारा एक छोटा डिजिटल कॅमेरा आहे. स्नेहसंमेलनात त्याने काढलेल्या फोटोंत जवळची मुले पांढरीफटक आणि मागचे सगळे काळे येते. रंगमंचावरचे नृत्य जवळजवळ दिसतच नाही. काही मुलांचे डोळे लाल येतात, मैदानावरच्या लेझीमच्या फोटोंत पांढरे गोल डाग दिसतात आणि अलीकडे फ्लॅश कधी पडतो, कधी पडत नाही. फ्लॅश बिघडला आहे का, कॅमेरा दुरुस्तीला द्यावा की नवीनच घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, जळगावात मी पंचवीसहून अधिक वर्षे शाळांचे आणि लग्नकार्यांचे फोटो काढत आलो आहे आणि त्यातली निम्मी वर्षे दुकानात येणारे छोटे कॅमेरे तपासण्यातही गेली आहेत. तुम्ही कळवलेल्या पाच तक्रारींपैकी पहिल्या चार बिघाडाच्या नाहीत. त्या अंतराच्या आणि प्रकाशाच्या दिशेच्या आहेत आणि अगदी नव्या कॅमेऱ्यातही तशाच येतील. पाचवी तक्रार बहुतेक वेळा सेलपाशी येऊन थांबते. शाळेचा पैसा हा शेवटी पालकांचाच पैसा असतो, म्हणून नवा कॅमेरा घेण्याआधी पुढचे सगळे एकदा शांतपणे करून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी हा फ्लॅश म्हणजे नेमके काय, ते पाहू. फ्लॅशच्या खिडकीमागे बोटाच्या पेराएवढी काचेची नळी असते आणि तिच्यात झेनॉन वायू भरलेला असतो. सेलचे अडीच-तीन व्होल्ट तिला पुरत नाहीत, म्हणून आतले सर्किट ते सुमारे ३०० व्होल्टपर्यंत चढवून एका कपॅसिटरमध्ये साठवते. फ्लॅश पडल्यानंतर कॅमेरा कानाजवळ धरला तर काही कॅमेऱ्यांत एक बारीक शिट्टी चढत गेल्यासारखी ऐकू येते. ती या साठवणीची असते. फोटोचे बटण दाबताच काही हजार व्होल्टचा क्षणिक झटका नळीला बसतो, वायूतून वीज वाहू लागते आणि साठवलेली सारी शक्ती एका मिलिसेकंदाच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी वेळात, प्रकाश होऊन निघून जाते. १९३० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी अशा विजेच्या फ्लॅशचे तंत्र विकसित केले. त्याआधी छायाचित्रकारांना मॅग्नेशियमची पूड पेटवून किंवा एकदाच वापरता येणारा बल्ब उडवून प्रकाश मिळवावा लागे. तत्त्व आजही तेच आहे, पण आकार लहान होताना ताकदही लहान झाली. १२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३०० व्होल्टपर्यंत भरला तर त्यात ५.४ ज्यूल एवढीच शक्ती मावते. मी स्टुडिओत वापरतो तो दिवा ३०० ज्यूलचा आहे. या एका तुलनेवरून आपल्या हातातल्या फ्लॅशकडून किती अपेक्षा ठेवावी, हे लक्षात येईल.

या थोड्याशा प्रकाशाला अंतराचा नियम लागू होतो आणि तुमच्या पहिल्या दोन तक्रारी त्यातूनच आलेल्या आहेत. अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा होत नाही, पाव होतो. चौपट झाले की सोळावा हिस्सा उरतो. मुलगा कॅमेऱ्यापासून एक मीटरवर उभा असेल आणि वर्गाची भिंत चार मीटरवर असेल, तर मुलाच्या चेहऱ्यावर जेवढा प्रकाश पडतो त्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढाच भिंतीवर पडतो. असा फोटो पुढे पांढरा आणि मागे काळाच येणार, त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. छोट्या कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत फ्लॅशची पोहोच साधारण तीन ते चार मीटर दिलेली असते, पण ती झूम न करता. झूम ओढला की लेन्सचे तोंड लहान होत जाते. या तोंडाला ॲपर्चर म्हणतात आणि एफचा आकडा जेवढा मोठा तेवढे ते लहान. झूम नसताना ॲपर्चर एफ २.८ आणि पूर्ण झूमला एफ ५.९ असेल, तर आत येणारा प्रकाश चौपटीहून अधिक घटतो आणि फ्लॅशची पोहोच निम्म्याच्याही खाली जाते. लांबच्या मुलाला जवळ आणण्यासाठी आपण झूम ओढतो आणि नेमक्या त्याच क्षणी फ्लॅश अपुरा पडतो.

पुस्तिकेतल्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा आपल्या कॅमेऱ्याची पोहोच एकदा स्वतः मोजावी. दिवस मावळल्यावर शाळेच्या व्हरांड्यातले दिवे बंद करावेत आणि कॅमेऱ्याची जागा ठरवून तिथून पुढे फरशीवर खडूने एकेक मीटरवर सहा रेघा माराव्यात. पहिल्या रेघेवर कोणाला तरी उभे करावे, शक्यतो साध्या रंगाच्या कपड्यांत. आयएसओ, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, ‘ऑटो’वर न ठेवता १०० किंवा कॅमेऱ्यात असेल त्या सर्वांत कमी आकड्यावर ठेवावा, फ्लॅश सक्तीने चालू करावा आणि प्रत्येक रेघेवरचा एकेक फोटो काढावा. नंतर हेच पूर्ण झूम ओढून करावे. हे फोटो कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर पाहू नयेत, कारण अंधारात तो पडदा प्रत्येक फोटो उजळच दाखवतो. ते संगणकावर पाहावेत. कोणत्या रेघेपासून चेहरा मळकट दिसू लागतो, ते लगेच कळते. माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या तळाशी ‘वाइड ४, झूम २’ असे लिहिलेली कागदाची पट्टी अजून चिकटवलेली आहे. लग्नाच्या गर्दीत, वधूवरांवर अक्षता पडत असताना डोक्यात हिशेब चालत नाही. त्या वेळी पट्टीवरचे दोन आकडेच कामाला येतात. पोहोच वाढवायची असेल तर आयएसओ चौपट करावा, म्हणजे पोहोच दुप्पट होते. १०० वर चार मीटर असेल तर ४०० वर आठ मीटर. चित्र किंचित दाणेदार येते, पण वर्गाच्या भिंतीवर लावण्याच्या आकारात ते जाणवत नाही.

आता रंगमंच. प्रेक्षकांतल्या पहिल्या रांगेपासून रंगमंचावरची मुले साधारण आठ-नऊ मीटरवर असतात, म्हणजे तुमच्या फ्लॅशच्या हद्दीबाहेर. पण नुकसान एवढ्यावर थांबत नाही. फ्लॅश चालू असला की प्रकाश तोच पुरवणार असे कॅमेरा गृहीत धरतो आणि शटर, म्हणजे प्रकाश आत घेणारी झडप, साधारण १/६० सेकंदच उघडी ठेवतो. फ्लॅशचा प्रकाश मुलांपर्यंत पोहोचत नाही आणि रंगमंचावरच्या हॅलोजनचा प्रकाश नोंदवायला शटर तेवढा वेळ उघडे राहत नाही. फोटोत उरतात ती पुढच्या रांगेतल्या पालकांची उजळलेली डोकी. अशा वेळी फ्लॅश बंद करणे हाच योग्य उपाय आहे. फ्लॅश बंदचे चिन्ह म्हणजे विजेची आकृती आणि तिच्यावर मारलेली रेघ. आयएसओ ८०० किंवा १६०० ठेवावा, झूम न ओढता शक्य तेवढे पुढे जावे, कोपरे खुर्चीच्या पाठीवर टेकवावेत आणि नृत्यातील ठेका क्षणभर थांबतो त्या जागी बटण दाबावे. लांबून फ्लॅश मारणाऱ्या पालकांनाही निवेदकामार्फत एकदा सांगावे, कारण त्यांना त्यातून काही मिळत नाही आणि नाचणाऱ्या मुलांच्या डोळ्यांना मात्र त्रास होतो.

वर्गाच्या सामूहिक फोटोत हाच नियम थोडा वेगळ्या रीतीने उपयोगी पडतो. पहिली रांग दीड मीटरवर आणि शेवटची तीन मीटरवर असेल, तर पुढच्या मुलांवर मागच्यांच्या चौपट प्रकाश पडतो. तुम्ही स्वतः दीड मीटर मागे सरकलात की तेच अंतर तीन आणि साडेचार मीटर होते आणि फरक चौपटीवरून सव्वादोन पटीवर येतो. म्हणून रांगा असतील तिथे आयएसओ ४०० करून मागे सरकावे. जवळ गेल्याने मुले मोठी दिसतील, पण मागची रांग अंधारात जाईल.

चेहरा पांढराफटक पडण्याचे दुसरेही एक कारण आहे. बहुतेक डिजिटल कॅमेरे खऱ्या फ्लॅशआधी एक दुबळा फ्लॅश टाकतात, समोरून परत आलेला उजेड मोजतात आणि त्यावरून मुख्य फ्लॅश किती द्यायचा ते ठरवतात. चौकटीचा मोठा भाग अंधाराचा असेल तर परत येणारा उजेड कमी भरतो. मग कॅमेरा प्रकाश वाढवतो आणि मधोमध उभ्या मुलाचा चेहरा जळतो. याच्या उलट अनुभव मुक्ताईनगरच्या दिंडीत येतो. पांढरे सदरे, पांढरी धोतरे, पांढऱ्या टोप्या यांवरून भरपूर उजेड परत येतो, कॅमेरा फ्लॅश आवरता घेतो आणि माणसे करडी, मंद दिसतात. पहिल्या प्रसंगी मेनूत जाऊन फ्लॅशची पातळी दोन तृतीयांश पायरी किंवा एक पूर्ण पायरी कमी करावी, दुसऱ्या प्रसंगी तेवढीच वाढवावी. तुमच्या कॅमेऱ्यात फ्लॅशची वेगळी पातळी नसेल, तर माणसापासून दोन मीटर लांब उभे राहून थोडा झूम ओढणे हा साधा उपाय आहे. फ्लॅशसमोर पातळ पांढऱ्या टिश्यू पेपरचा एक पदर धरला तरी प्रकाश मवाळ होतो. मात्र तो खिडकीला घट्ट चिकटवू नये, कारण नळी तापते. पोहोचही त्यामुळे कमी होते, हे ध्यानात ठेवावे. उन्हाळ्यातल्या लग्नांत मी आणखी एक गोष्ट नेमाने करतो: फोटोआधी माणसाला रुमालाने कपाळ आणि नाक पुसायला सांगतो. आपल्याकडच्या वैशाखात घामेजलेल्या कपाळावर फ्लॅशचा जो पांढरा पट्टा उमटतो, तो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाही.

मागचे सगळे काळे येऊ नये यासाठी कॅमेऱ्यात एक सोय असते. तिचे नाव ‘स्लो सिंक’ किंवा ‘नाइट पोर्ट्रेट’ असते आणि चिन्ह बहुधा माणूस आणि चंद्र किंवा तारा असे असते. यात फ्लॅश नेहमीसारखाच पडतो, पण शटर १/८ किंवा १/४ सेकंद, कधी त्याहूनही अधिक वेळ उघडे राहते आणि तेवढ्या वेळात मागचा उजेड फोटोत उतरतो. श्रावणात घरात कानबाई, ही आपली खानदेशातली देवी, बसते त्या रात्री समयांचा पिवळा उजेड आणि आरास साध्या फ्लॅशने पार पुसली जाते. याच सोयीने ती टिकते. कॅमेरा टेबलावर किंवा स्टँडवर ठेवावा आणि समोरच्यांना सांगावे की प्रकाश पडला तरी ‘झाले’ म्हणेपर्यंत हलू नका. ही सूचना विसरली की चेहरा स्पष्ट आणि त्याभोवती धुरकट सावली असा फोटो मिळतो.

आपल्या भागात फ्लॅशचा सर्वांत चांगला उपयोग होतो तो भर उन्हात, आणि तोच सहसा कोणी करत नाही. दुपारी बाराला डोक्यावर टोपी किंवा पदर असलेल्या माणसाचे डोळे सावलीत बुडालेले असतात. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत तर पानांमधून पडणारे उन्हाचे कवडसे आणि गडद हिरवी सावली चेहऱ्यावर एकाच वेळी असते. अशा वेळी ‘ऑटो’वर फ्लॅश पडणार नाही, कारण कॅमेऱ्याच्या हिशेबाने उजेड भरपूर आहे. म्हणून तो सक्तीने चालू करावा आणि दीड-दोन मीटरवरून फोटो काढावा. सावली भरून निघते, डोळ्यांत एक छोटा जिवंत ठिपका येतो आणि मागचे आभाळही निळे राहते. अदलाबदल होणाऱ्या लेन्सच्या मोठ्या कॅमेऱ्यात उन्हात फ्लॅश वापरताना शटरच्या वेगाला मर्यादा येते, साधारण १/२०० सेकंदाच्या आसपास. छोट्या कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांचे शटर लेन्समध्येच असते, त्यामुळे त्यांना ही अडचण तेवढी भासत नाही. या एका कामात तुमचा छोटा कॅमेरा माझ्या महागड्या कॅमेऱ्याला वरचढ आहे, हे मी मनापासून सांगतो.

लाल डोळ्यांचे कारण सरळ आहे. अंधारात बाहुली मोठी झालेली असते, फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, म्हणून प्रकाश डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावर पडून जवळजवळ त्याच वाटेने लेन्समध्ये परततो. माणूस लांब असेल आणि झूम ओढलेला असेल तर कोन आणखी बारीक होतो आणि लाली वाढते. खोलीतले सगळे दिवे लावावेत म्हणजे बाहुली लहान होते; जवळ जावे; आणि मुलांना लेन्सकडे न पाहता तुमच्या कानाकडे किंवा खांद्याकडे पाहायला सांगावे. डोळ्याचे चिन्ह असलेली ‘रेड आय’ सोयही काही प्रमाणात उपयोगी पडते, पण तिच्यात आधी दिवा किंवा छोटे फ्लॅश पडतात आणि खरा फोटो सुमारे सेकंदभराने निघतो. मुलांना वाटते फोटो झाला, आणि ती वळतात. दुसऱ्या उजेडापर्यंत थांबायला आधीच सांगावे.

इथे एक गोष्ट शिक्षक म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगतो. एखाद्या लहान मुलाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरट किंवा पिवळसर चमकलेली दिसली, तर ती नुसती फोटोतली चूक म्हणून सोडून देऊ नये. विशिष्ट कोनातून निरोगी डोळाही कधी तसा दिसतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण वेगवेगळ्या फोटोंत त्याच डोळ्यात तीच चमक पुन्हा दिसत असेल, तर पालकांना सांगून मुलाला लवकर नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग असे बालवयातले गंभीर विकार अशा पांढऱ्या चमकेवरून ध्यानात आल्याची उदाहरणे आहेत आणि त्यांत वेळेवर झालेल्या तपासणीचे महत्त्व फार मोठे असते.

लेझीमच्या फोटोंतले पांढरे गोल म्हणजे धूळ. मुलांच्या पायांनी उडालेली धूळ हवेत तरंगते. लेन्सपासून काही सेंटिमीटरवरचा कण फ्लॅशच्या इतका जवळ असतो की त्याच्यावर पडलेला प्रकाश मुलांवरच्या प्रकाशाच्या हजारो पट असतो. तो कण फोकसमध्ये नसल्याने ठिपक्याऐवजी मोठी, धूसर चकती होऊन उमटतो. आपल्याकडे जिनिंगच्या परिसरात कापसाच्या तंतूंनी आणि पावसाळ्यात दिव्याभोवतीच्या किड्यांनी असेच गोल येतात. कोणी त्यांना आत्मे म्हणते, कोणी देवाचा प्रसाद. मुलांच्या मनात भीती बसण्याआधी त्यांना हे कारण समजावून सांगावे, विज्ञानाचा एक चांगला तासच होईल. खात्री करायची असेल तर एका पाठोपाठ दोन फोटो काढावेत. गोलांची जागा बदलली तर धूळ हवेतली आहे. प्रत्येक फोटोत डाग त्याच जागी असेल तर तो लेन्सवर किंवा आतल्या सेन्सरवर आहे. हवेतल्या धुळीसाठी लेन्स पुसून उपयोग नाही. फ्लॅश बंद करावा किंवा वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहावे.

काचेच्या चौकटी, ट्रॉफी, लॅमिनेशन केलेली प्रमाणपत्रे आणि चष्मे यांच्यावर फ्लॅशचा ठसा उमटतो तो समोरासमोर उभे राहिल्यामुळे. एका बाजूला सरकून तिरके उभे राहिले की ठसा चौकटीबाहेर जातो. प्रमाणपत्राचा फोटो तर फ्लॅश बंद करून खिडकीपाशीच काढावा. खिडकीचा उजेड कसा बोलतो हे पाहायचे असेल, तर चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचे काम मुलांना जरूर दाखवा. त्यांची टेबलटॉप छायाचित्रे म्हणजे प्रकाश कुठून यावा याचा पाठच आहे. आणि सहल अजिंठ्याला गेली तर चित्रांच्या लेण्यांमध्ये फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, म्हणून बस थांबण्याआधीच कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करून ठेवावा.

आता न पडणारा फ्लॅश. प्रथम मोड तपासावा. व्हिडिओ, एकापाठोपाठ फोटो काढण्याची सोय, सूर्यास्त, आतषबाजी, निसर्गदृश्य, आवाज बंद ठेवण्याचा मोड, यांत अनेक कॅमेरे फ्लॅश आपोआप बंद करतात आणि मेनूतले त्याचे चिन्ह फिकट होते. काही कॅमेरे आदल्या वेळी बंद केलेला फ्लॅश दुसऱ्या दिवशीही बंदच ठेवतात. शाळेत कॅमेरा दहा हातांतून फिरतो, त्यामुळे मेनूतून सर्व मांडणी मूळ स्थितीला आणणे हे पहिले काम समजावे. वर उघडणारा फ्लॅश असेल तर तो पूर्ण उघडला आहे ना, हे पाहावे. डाव्या हाताचे बोट खिडकीवर येत नाही ना, हेही पाहावे. तसे येत असेल तर फोटोत तांबूस अंधार उतरतो.

यानंतर सेल, आणि इथेच दहापैकी बहुतेक कॅमेरे बरे होतात. फ्लॅश भरताना सेलवर एकदम मोठा ताण येतो. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते साधे झिंक-कार्बन सेल हा ताण सोसूच शकत नाहीत. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असला तरी जोराचा प्रवाह मागितला की त्याचा दाब घसरतो, आणि सेल संपला असे समजून कॅमेरा आधी फ्लॅश बंद करतो व मग स्वतः बंद होतो. निकेल मेटल हायड्राइड रीचार्जेबल सेल १.२ व्होल्टचाच, पण ताणाखाली तो दाब टिकवून धरतो, म्हणून फ्लॅशसाठी तोच योग्य. कॅमेऱ्याने नाकारलेला अल्कलाइन सेल घड्याळात घातला तर महिनोन्‌महिने चालतो. याचा अर्थ सेल मेला नव्हता, त्याच्यातला जोर गेला होता. धरणगावकडच्या एका हळदीत माझ्याकडचे सेल संपले आणि रस्त्यावरच्या एका दुकानातून नामांकित कंपनीच्या वेष्टनातले चार सेल मी घेतले. ते नकली होते. सहा फोटोंनंतर फ्लॅश भरायला अर्धा मिनिट लागू लागला आणि नवरीच्या आत्याने हळद लावली तो क्षण माझ्या हातून गेला. त्या कुटुंबाला तो क्षण परत देता आला नाही, याची रुखरुख मला आजही आहे. तेव्हापासून चार्ज केलेल्या सेलच्या दोन जोड्या, एकेक वेगळ्या डबीत, माझ्याबरोबर असतात.

रीचार्जेबल सेल दोन्ही एकाच वेळी घेतलेले, एकाच क्षमतेचे असावेत. २००० एमएएचच्या पुढची क्षमता पुरेशी आहे. जुन्या पद्धतीचे सेल नुसते पडून राहिले तरी काही आठवड्यांत बरेच उतरतात, म्हणून संमेलनाच्या आदल्या रात्रीच चार्ज करावेत. कॅमेऱ्याच्या मेनूत सेलचा प्रकार निवडण्याची सोय असेल तर तिथे रीचार्जेबल निवडावे, नाहीतर सेल भरलेले असतानाही कॅमेरा ते संपल्याचे सांगतो. मग सेलच्या खोबणीतल्या पट्ट्या बॅटरीच्या उजेडात पाहाव्यात. पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड दिसली तर ती गळलेल्या अल्कलाइन सेलची आहे. कान साफ करायच्या कापसाच्या काडीचे टोक व्हिनेगरमध्ये किंचित भिजवून, पिळून, त्या पट्टीवर हलकेच फिरवावे. पूड बारीक फसफसून विरघळते. मग दुसऱ्या काडीने स्पिरिट लावून पट्टी कोरडी करावी आणि तासभर झाकण उघडे ठेवावे.

हे झाल्यावर बटण अर्धे दाबून मागचा छोटा दिवा पाहावा. तो लुकलुकत असेल तर फ्लॅश भरतो आहे, स्थिर झाला की तयार आहे. ताज्या सेलवर पाच-सहा सेकंद लागतात. तेवढ्यात बटण पूर्ण दाबले तर काही कॅमेरे फोटोच काढत नाहीत, काही फ्लॅशविना काढतात, आणि ‘कधी पडतो, कधी पडत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा तिथे असते. कॅमेरा दोन-तीन वर्षे कपाटात पडून असेल तर कपॅसिटर मरगळतो आणि पहिल्या काही वेळा भरायला फार वेळ लागतो. मध्ये अर्धा-एक मिनिट सोडून आठ-दहा वेळा फ्लॅश पाडला की तो बऱ्याचदा पूर्ववत होतो. उष्णतेचाही विचार करावा. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते आणि भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४४-४५ च्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला कॅमेरा बाहेर काढून लगेच फ्लॅश मारत राहिलात तर काही कॅमेरे नळी वाचवण्यासाठी फ्लॅश थांबवतात. तो सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण आत बाष्प धरते.

एवढे करूनही दिवा स्थिर होत असेल पण प्रकाश पडत नसेल, तर दोष नळीचा किंवा तिला झटका देणाऱ्या भागाचा आहे. ताज्या, चार्ज केलेल्या सेलवरही दिवा मिनिटभर लुकलुकतच राहत असेल, तर तो कपॅसिटरचा किंवा त्याला भरणाऱ्या सर्किटचा आहे. दोन्ही वेळा कॅमेरा स्वतः उघडू नये आणि एखाद्या हुशार विद्यार्थ्यालाही उघडू देऊ नये. सेल काढून ठेवले तरी कपॅसिटरमधले ३०० व्होल्ट बराच काळ तसेच राहतात. मी शिकाऊ असताना आदल्या दिवशी सेल काढलेल्या कॅमेऱ्यात बोट घातले होते. झटक्याने हात मागे गेला, कोपर टेबलावर आपटले आणि बोटाच्या टोकाला पांढरा भाजल्याचा ठिपका आठवडाभर राहिला. लहान मुलाच्या बाबतीत तो झटका याहून वाईट ठरू शकतो.

सुटे भाग आता सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून नळी किंवा सर्किट खरोखरच गेले असेल तर दुरुस्तीचा खर्च विचारल्याशिवाय काम सांगू नये. फ्लॅशविना हा कॅमेरा दिवसाच्या फोटोंना, सहलीला आणि प्रयोगवहीच्या चित्रांना अजून अनेक वर्षे उपयोगी पडेल. तुमच्या वर्णनावरून मात्र मला सेलचाच संशय आहे. चार रीचार्जेबल सेल आणि एक चार्जर घ्या, खडूच्या रेघांची चाचणी करा आणि कोणत्या रेघेवर चेहरा मळकट झाला तो आकडा, तसेच दिवा स्थिर व्हायला किती सेकंद लागतात ते मला कळवा. तरीही कॅमेरा जळगावला पाठवावा लागलाच, तर सेल बाहेर काढून वेगळ्या पिशवीत घाला आणि पुस्तिका सोबत ठेवा.